गौराबाई टोणेचा बेडका

"ही थुंकी आहे, मालन. बेडका नाही. किती वेळा सांगायचं गं तुला? आणि वर मिश्री! त्या तुझ्या गौराबाईला सांग, आधी चूळ भर, मग छातीतनं खोक, आणि मिश्री लावायची ती सगळं उरकल्यावर."

मी डबी खिडकीच्या उजेडाला धरली होती. तळाशी पाणी आणि त्यात तपकिरी कण. मालन ऐवळे दाराबाहेर उभी राहून पदराला हात पुसत होती. माझ्या लॅबमध्ये ती कधी आत यायची नाही, उंबऱ्यापर्यंतच.

"सांगते, बाई."

"सांगते काय, मागच्या खेपेलापण हेच म्हणालीस. तिन्ही डब्या निगेटिव्ह. अशा थुंकीत जंतू नाही, माशी पण सापडायची नाही."

"बरं बाई. पुढल्या खेपंला चांगला आणते." ती हसली आणि हसता हसता खोकली. मी पेटत्या काकड्यानं स्लाइडवरचा लाल रंग खालनं तापवत होते. त्याची वाफ घशात जायची, त्यामुळं माझ्या दारात उभा राहणारा प्रत्येक जण खोकायचा. डॉक्टर खोकायचे, शिपाई खोकायचा, मीसुद्धा खोकायचे.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. कर्नाटकाच्या हद्दीला लागून माडगेवाडी म्हणून गाव, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन होते. पद्मजा मगदूम. फटकळ म्हणून सगळ्या तालुक्यात माझं नाव होतं आणि मला त्याचा अभिमान होता. मालन आमच्याच खात्यातली. आठ किलोमीटरवरच्या सिद्धनहळच्या उपकेंद्रात अर्धवेळ स्त्री परिचर. झाडलोट करायची, पाणी भरायचं, नर्सबाईंच्या मागनं घरोघर फिरायचं आणि दर मंगळवारी एसटीनं बेडक्यांच्या डब्या माझ्याकडं पोचवायच्या. अठ्ठावीसेक वर्षांची, विधवा. नवरा गोव्याला गवंडीकाम करायचा, दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला असं ती सांगायची. घरी सासू आणि चार वर्षांची लेक. अंगानं काडी होती, पण आमच्या त्या भागात जाड होतं तरी कोण!

गौराबाई टोणेचं नाव पहिल्यांदा आलं ते श्रावणात. मेंढरंवाल्यांच्या वस्तीवरची बाई, वय तीस, दोन महिन्यांचा खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. फॉर्मवर नर्सबाईंची सही, बाकीचं मालननंच भरलेलं. सातवी शिकली होती, अक्षर मोत्यासारखं. डॉक्टरांनी नियमाप्रमाणं चौदा दिवसांच्या साध्या गोळ्या दिल्या, त्याही मालनच घेऊन गेली. खोकला हटला नाही म्हणून पुन्हा डब्या. या दुसऱ्या खेपेला मी तिला दारातच उभी करून शिकवणी घेतली.

"हे बघ, असं सांग तिला. उठल्या उठल्या, उपाशीपोटी. दोनदा मोठा श्वास घ्यायचा, धरून ठेवायचा, तिसऱ्यांदा पोटातनं खोकायचं. घशातनं नव्हे, पोटातनं. घट्ट, पिवळट आलं पाहिजे. करून दाखव बघू."

"मी?"

"मग काय मी? तुला जमलं तर तिला शिकवशील ना!"

तिनं दोनदा श्वास घेतला, धरला आणि खोकली. मग थांबेचना. भिंत धरून वाकली, डोळ्यांतनं पाणी आलं. मी म्हणाले, "बास बास, नाटकात काम करायला हवी होतीस तू." ती तोंडाला पदर लावून हसली. मी आत जाऊन पंखा लावला, म्हटलं वाफ फार झाली आज.

पुढच्या मंगळवारी डब्या आल्या त्या अगदी नमुनेदार. घट्ट, पिवळ्या, मिश्रीचा कण नाही. "शाब्बास!" मी म्हणाले. "तुझी गौराबाई गुणाची निघाली."

"तुमी शिकिवलं तसं केलं तिनं," मालन म्हणाली. "आता दिसंल का वो?"

"असेल तर दिसेल."

"आन् दिसला जंतू, तर लगीच गोळ्या?"

"त्याच दिवशी. सहा महिने घ्यायच्या, फुकट, आणि बाई ठणठणीत."

"दिसू दे मग," ती म्हणाली. आजार निघावा म्हणून देवाला विनवावं तसं कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, त्यामुळं ते लक्षात राहिलं. हिचा त्या बाईवर फार जीव दिसतोय, एवढंच मनात आलं.

एका स्लाइडवर शंभर जागा बघायच्या असा नियम. मी तिन्हींवर शंभर शंभर बघितल्या. निळ्या पटावर एखादी लाल काडी दिसते का ते बघायचं असतं. एक नाही. दुसऱ्या दिवशी डोळे ताजे असताना पुन्हा बघितल्या, या वेळी दोन दोनशे. काही नाही. माझ्या स्लाइड दर तीन महिन्यांनी जिल्ह्याचे सुपरवायझर परत तपासायचे आणि आठ वर्षांत त्यांना माझी एक चूक सापडली नव्हती. ही बाई निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, मी छातीठोक लिहिलं.

रिपोर्टवर सही घ्यायला डॉक्टर ठवकरांकडं गेले. भंडाऱ्याकडचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, नुकता बंधपत्रावर आलेला. मृदू बोलायचा आणि पुस्तकं फार वाचायचा.

"मॅडम, ही बाई दोन महिने खोकतेय, गोळ्यांनी उतार नाही, वजन घटतंय," तो म्हणाला. "हिचा नवरा काय करतो?"

"मला काय ठाऊक? मेंढरं राखत असेल."

"एचआयव्ही तपासलाय का तिचा?"

"डॉक्टर, मी बेडका बघते. बेडका निगेटिव्ह आहे."

"तेच म्हणतोय मी." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "ज्याच्या अंगात एचआयव्ही असतो ना, त्याच्या शरीरात झगडायची ताकद उरत नाही. मग फुप्फुसात ती पोकळी पडत नाही आणि बेडक्यात जंतू फारसे उतरतच नाहीत. टीबी असतो, पण आपल्या दुर्बिणीला दिसत नाही. तुमची स्लाइड खरी आणि तरी माणूस मरतो."

मला मिरची झोंबली. आठ वर्षं डोळे फोडून घेतलेत मी त्या दुर्बिणीवर, आणि हा काल आलेला मला सांगणार की माझ्या निगेटिव्हला अर्थ नाही!

"मग बंदच करा की माझी लॅब," मी म्हणाले.

"रागावू नका. मला एवढंच हवंय, की निगेटिव्ह रिपोर्ट देताना एक वाक्य सांगायचं. मालनला सांगा, तिनं गौराबाईला सांगावं, की रक्तात दोष असेल तर बेडक्यावर विश्वास ठेवू नकोस, सरळ इकडं ये. मी तालुक्याला एक्स-रे काढून घेतो आणि औषध सुरू करतो. बेडक्याची वाट बघत नाही. सांगाल ना?"

"सांगते," मी म्हणाले.

आणि मी सांगितलं नाही.

का नाही, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. राग होताच. पण दुसरंही होतं. त्या काळी आमच्याकडं 'रक्तात दोष' म्हटलं की बाईचं गावात पाणी तुटायचं. हा निरोप मालनच्या तोंडून जाणार, वस्तीवर चार कान ऐकणार आणि उद्या काहीच नाही निघालं तरी गौराबाई गावातनं कायमची उठली. डॉक्टर काय, दोन वर्षांनी भंडाऱ्याला जाईल. मला वाटलं, मी त्या बाईवर उपकार करतेय. असं मी तेव्हा मनाशी म्हणाले, आणि आजही कधी कधी म्हणते, पण खरं सांगायचं तर राग मोठा होता.

पुढच्या मंगळवारी मालन दारात उभी होती. चेहरा इतका ताणलेला, की मला हसू आलं.

"अगं, काही नाही तुझ्या गौराबाईला! सहाच्या सहा स्वच्छ. टीबी नाही."

"न्हाई?"

"नाही म्हणजे नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. दमा असेल, चुलीचा धूर असेल. सांग तिला, बिनघोर राहा म्हणावं."

"बाई, नक्की न्हाई ना? म्हंजी... दुसरं काय बघायचं ऱ्हायलं आसंल तर सांगा. मी सांगते तिला. ती करंल."

हे तिनं विचारलं. अगदी याच शब्दांत. देवानं माझ्या तोंडापाशी आणून ठेवलं होतं ते वाक्य.

"काही राहिलं नाही," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही का तुझा?"

"तसं न्हवं वो. तुमच्यावर न्हाई तर कुणावर!" आणि तिनं उंबऱ्यावरूनच वाकून माझ्या पायाला हात लावला. डोळे भरून आले होते तिचे. मी चेष्टा केली, "जशी काय तूच सुटलीस!" रिपोर्टवर शिक्का मारून तिच्या हातात दिला. तिनं तो चार घड्या करून पोलक्यात ठेवला आणि एसटी गाठायला जवळजवळ पळत गेली.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, ते सांगितलंत ना मालनला?"

"सांगितलं."

दिवाळी झाली. मालन तीन-चार मंगळवार आली, मग एका मंगळवारी डब्या जीपच्या ड्रायव्हरनं आणून दिल्या. पुढच्याही. मी नर्सबाईंना निरोप धाडला, की तुमची राणीसाहेब रजेवर आहे की काय. निरोप उलट आला, की मालननं अंथरूण धरलंय, थंडीताप आहे. पौष निम्मा झाला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, जाऊन बघा एकदा. काय खरं न्हाई तिचं." त्या शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटले आणि सिद्धनहळची एसटी धरली. वाटेत तिच्या लेकीला म्हणून पाव आणि जिलेबी घेतली.

पत्र्याची एक खोली. सासू दारात तूर निवडत बसली होती. तिनं मला बघून नुसती बाजूला सरकून वाट दिली. आत भिंतीकडेला मालन पडली होती आणि पहिल्यांदा मला वाटलं, अंथरुणात कुणी नाहीच, नुसती वाकळ पडलीय. गालांच्या जागी खड्डे. श्वास घ्यायला खांदे वर जात होते. चार वर्षांची काजल तिच्या पोटाशी चिकटून झोपलेली, तोंड आईच्या गळ्याशी.

"बाई, तुमी?" ती उठायला लागली.

"पडून राहा. हे काय करून घेतलंस गं? औषध कुणाचं चालू आहे?"

"हायती गोळ्या, तापाच्या."

मला रागच आला. आरोग्य खात्यात काम करते आणि अशी कुजत पडलीय. "अगं, तुला अक्कल आहे का? उद्याच्या उद्या डब्या दे मला. दोन महिने त्या गौराबाईसाठी माझ्या दारात उभी होतीस, स्वतःचं कळत नाही? कुठाय ती गौराबाई? तिच्यामुळंच लागण झाली असणार तुला. बोलाव तिला, मी बघते."

मालननं पोरीच्या अंगावर वाकळ ओढली. मग म्हणाली, "हितंच हाय, बाई."

मी मागं वळून बघितलं. खरंच बघितलं, दारात कुणी आलंय का म्हणून! दारात फक्त सासू होती.

"गौराबाई म्हंजी माझी आई," मालन म्हणाली. "मेली ती माझ्या ल्हानपणी. टोणे तिच्या म्हायेरचं नाव. दुसरं नाव सुचंना मला."

माझ्या हातातली जिलेबीची पुडी तशीच राहिली. म्हणजे त्या सगळ्या डब्या हिच्या. दाराबाहेर उभं राहून मी शिकवलं तसं हिनं खोकून दाखवलं, तो खोकलाही खरा.

"का गं असं केलंस? माझ्यापासनं लपवलंस?"

"तुमी चांगल्या हाय, पर तुमचा आवाज मोटा हाय, बाई." ती हसायला बघत होती. "माझं नाव तुमच्या वहीत आलं आसतं तर सांजच्याला समद्यास्नी कळलं आसतं. मग माझ्या हातनं पोलिओचा डोस कुणी घेतला आसता? नर्सबाईंनी ठेवली आसती मला कामावर? पोरीला काय घालू मग?"

माझा आवाज मोठा होता हे खरंच होतं. मी तिच्या उशाशी बसले. आणि मग मला ते विचारावंसं वाटलं, जे विचारायला नको होतं.

"मालन, डॉक्टर तेव्हा म्हणत होते, रक्त तपासायला हवं म्हणून. तुला सांगितलं असतं तर केलं असतंस?"

"रक्ताचं?" ती म्हणाली. "माझ्या रक्ताचं मला ठावं हाय, बाई. हे गेलं तवाच जिल्ह्याच्या दवाखान्यात बघितलंय. दोष हाय. सासूला बी सांगितलं न्हाई."

बाहेर सुपातल्या तुरीचा आवाज चालू होता.

"मग... मग तू डॉक्टरांना तेवढं का नाही सांगितलंस गं?"

"कशापायी सांगू? मला काय ठावं, रक्ताचा आन् बेडक्याचा संबंद आसतोय? कुणी सांगितलंच न्हाई. मी तर तुमास्नी इचारलं व्हतं, दुसरं काय ऱ्हायलंय का. तुमी म्हनला, काय ऱ्हायलं न्हाई." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती मला फक्त झालं तसं सांगत होती. "सांगितलं आसतं कुणी तर त्याच पावली डाक्टरांकडं गेले आसते मी. पोरीसाटनं कायबी केलं आसतं."

मी जिलेबीच्या पुडीचा दोरा सोडून पुन्हा बांधत बसले.

तिला वाटलं, मला वाईट वाटतंय. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तापानं भाजत होता.

"तुमी जिवाला लावून घिऊ नका. तुमचं लई उपकार हायती माझ्यावर. तीन म्हैनं मी पोरीला जवळ घेतली न्हवती, बाई. बेडका बगायच्या आदीपासनंच, भ्या वाटत व्हतं म्हनून. सासूपाशी निजवायची. माझं ताट येगळं, तांब्या येगळा. रडायची ती आयं आयं करून, आन् मी भाईर पडवीत निजायची कानात बोटं घालून. तुमचा कागद आला त्या दिशी घरात आले आन् पयली कुशीत घेतली. तवापासनं सोडलीच न्हाई बगा. एक दीस सोडली न्हाई."

काजल तिच्या गळ्याशी हलली, झोपेत खोकली आणि पुन्हा आईच्या मानेत तोंड खुपसून झोपली.

मी एसटीची वाट बघितली नाही. दुधाच्या गाडीत बसून माडगेवाडीला आले आणि डॉक्टरांना म्हणाले, मालनला एचआयव्ही आहे, गौराबाई म्हणजे तीच, आत्ता चला. डॉक्टर जेवत होते, तसेच हात धुऊन उठले. त्याच रात्री तिला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर बाजरी पसरल्यासारखे ठिपके. औषध सुरू झालं. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. अकराव्या दिवशी ती गेली.

काजललाही तपासायचं होतं. सासूनं तिला माझ्याकडं आणली ती बाराव्यानंतर. ताप, मान टाकलेली, उजेडाकडं बघवत नव्हतं तिला. एवढ्या लहान पोराला बेडका काढता येत नाही, ते गिळून टाकतं. पण सासूनं कुठनं तरी डबी मिळवून त्यात पोरीची लाळ आणली होती. "बाई, ह्ये बगा की जरा. मालन म्हनायची, तुमास्नी समदं दिसतंय." मी डबी हातात घेतली, खाली ठेवली आणि पोरीला उचलून डॉक्टरांच्या खोलीकडं पळाले. डॉक्टरांनी तिची मान वाकवून बघितली आणि माझ्याकडं न बघताच ड्रायव्हरला हाक मारली.

टीबी मेंदूपर्यंत गेला होता. औषध सगळं दिलं तिला, नळीतनं दिलं. सोळा दिवस.

जिल्ह्याहून पोर गेल्याचा फोन आला तेव्हा डॉक्टर ठवकर माझ्याच लॅबमध्ये उभे होते. फोन ठेवला आणि खिडकीकडं वळले. पोरगाच तो, डोळे लाल झाले होते. मला वाटलं, आता सांगावं. सगळं सांगून टाकावं. मी स्टुलावरनं उठलेसुद्धा.

"तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, मॅडम," तोच म्हणाला. "आपण आपलं केलं. तुम्ही तर तिला तोंडावर सांगितलं होतंत, की रक्तात दोष असेल तर लगेच ये म्हणून. स्वतःचा आजार ठाऊक असून ती आली नाही. पोरीलाही जवळ घेऊन झोपली. आता याला आपण काय करणार?"

तो माझ्याकडं बघत होता. बाहेर मंगळवारच्या डब्या घेऊन सिद्धनहळची नवी बाई येऊन उभी राहिली होती, उंबऱ्याबाहेर.

"हो ना, डॉक्टर," मी म्हणाले. "जीव तोडून सांगितलं होतं मी. पण ऐकतात कुठं ही माणसं."